पेशीत सूक्ष्मनलिकेची सुरुवात कशी होते आणि ती प्रयोगात कशी मोजावी

पेशीतील सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे मायक्रोट्यूब्यूलचे, जाळे दोन वेगळ्या क्रियांमधून तयार होते. आधी नवी नलिका जन्म घेते, या क्रियेला न्यूक्लिएशन किंवा आरंभ म्हणतात, आणि त्यानंतर ती लांब होत जाते. सूक्ष्मदर्शकातून पाहताना या दोन्ही क्रियांचा परिणाम एकाच चित्रात दिसतो. त्यामुळे एखादे प्रथिन काढून टाकल्यावर जाळे विरळ झाले, तर नलिका कमी जन्मल्या, की जन्मल्या पण वाढल्या नाहीत, की वाढून सुटून गेल्या, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. प्रयोगाची प्रत्येक पायरी या तीन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करण्यासाठी आखावी लागते, आणि हा लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे. पेशीजीवशास्त्रात नुकतेच संशोधन सुरू केलेल्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

आरंभ अवघड का असतो

सूक्ष्मनलिकेचा घटक म्हणजे अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिन यांचा डायमर. त्याची लांबी सुमारे ८ नॅनोमीटर असते आणि अल्फा व बीटा या दोन्ही भागांत जीटीपी या ऊर्जावाहक न्यूक्लिओटाइडचा एकेक रेणू बसलेला असतो. अल्फामधील जीटीपी तसाच राहतो; बीटामधील जीटीपीचे मात्र डायमर नलिकेत सामील झाल्यानंतर विघटन होते. डायमर टोकाला टोक लागून प्रोटोफिलामेंट बनते आणि अशी प्रोटोफिलामेंटे कडेने एकमेकांना चिकटून सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी तयार होते. बहुतेक पेशींत एका नलिकेत १३ प्रोटोफिलामेंटे असतात. शुद्ध ट्यूब्युलिनपासून परीक्षानळीत आपोआप बनलेल्या नलिकांत हा आकडा बदलतो आणि १४ प्रोटोफिलामेंटांच्या नलिका तिथे मोठ्या प्रमाणात आढळतात. या एकाच फरकावरून लक्षात येते की पेशीत नलिकेचा साचा कुठून तरी ठरवून दिलेला असतो.

वाढत्या नलिकेच्या टोकाला येऊन मिळणाऱ्या डायमरला खालून आणि बाजूने आधार असतो. नलिका अस्तित्वातच नसेल, तर पहिल्या काही डायमरना असा आधार मिळत नाही. दोन-चार डायमर एकत्र येतात आणि बाजूचे बंध पुरेसे नसल्यामुळे लगेच विखुरतात. ठरावीक आकाराचा पुंजका योगायोगाने जमला, तरच त्याची पुढची वाढ विघटनापेक्षा वेगाने होऊ लागते. म्हणूनच आधीच तयार असलेले नलिकेचे तुकडे काही मायक्रोमोलर ट्यूब्युलिनमध्येही वाढतात, पण त्याच द्रावणात तुकडे नसतील तर बराच वेळ काहीच घडत नाही. ३७ अंश सेल्सिअसला नव्या नलिका आपोआप उठून दिसण्याइतक्या संख्येने बनायला साधारण २० मायक्रोमोलर किंवा त्याहून अधिक ट्यूब्युलिन लागते. पेशीतील मुक्त ट्यूब्युलिनचे प्रमाण अशा पातळीवर असते की वाढ सहज होते, पण आपोआप आरंभ क्वचितच होतो. पेशीला नलिका कुठे आणि केव्हा जन्माव्यात हे ठरवता येते, ते या फरकामुळेच.

हे ठरवण्याचे मुख्य साधन म्हणजे गॅमा ट्यूब्युलिन. १९८९ साली बर्ल ओकली आणि एलिझाबेथ ओकली यांनी ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत ते शोधले. १९९५ साली झेनोपस बेडकाच्या अंड्यांतून त्याचा कड्याच्या आकाराचा मोठा संकुल शुद्ध करण्यात आला. या गॅमा ट्यूब्युलिन रिंग कॉम्प्लेक्समध्ये गॅमा ट्यूब्युलिनचे १४ रेणू सर्पिलाकार मांडलेले असतात आणि त्यांना जीसीपी २ ते जीसीपी ६ या कुळातील प्रथिने धरून ठेवतात. १४ पैकी शेवटचा रेणू पहिल्याच्या वर-खाली येत असल्याने वर बसणारी नलिका १३ प्रोटोफिलामेंटांची होते. २०१९–२० मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने माणसाच्या आणि बेडकाच्या संकुलाची रचना उलगडली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली: शुद्ध केलेले कडे एका बाजूने उघडे असते आणि त्यावरील गॅमा ट्यूब्युलिनची मांडणी नलिकेच्या मांडणीशी नीट जुळत नाही. म्हणजे साचा हाती असूनही आरंभाचा अडसर पुरता दूर होत नाही. कडे मिटून १३ प्रोटोफिलामेंटांशी जुळण्याची अवस्था नलिका घडताना येते, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांनी दाखवले. माझ्या मते या विषयातले सध्याचे सर्वांत जिवंत प्रश्न याच फटीत आहेत, आणि पुढच्या प्रयोगांत ‘संकुल तिथे आहे’ आणि ‘संकुल काम करत आहे’ या दोन विधानांत काटेकोर भेद ठेवावा लागतो, तोही याचमुळे.

पहिली पायरी: आरंभाचे स्थान निश्चित करणे

प्रयोग आखण्यापूर्वी आपण कोणत्या ठिकाणच्या आरंभाविषयी विचारत आहोत, हे लिहून काढावे. प्राणिपेशीत सेंट्रोसोम हे सर्वांत ओळखीचे ठिकाण आहे; तिथे सेंट्रिओलभोवतीच्या प्रथिनांच्या वेष्टनात पेरिसेंट्रिन आणि सीडीके५आरएपी२ यांसारखी प्रथिने गॅमा ट्यूब्युलिनची कडी जमवतात. गॉल्जी पिंड हे दुसरे ठिकाण असून एकेएपी४५० या प्रथिनाच्या आधाराने तिथून नलिका निघतात. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांभोवती रॅन-जीटीपीच्या, म्हणजे जीटीपी बांधलेल्या रॅन या प्रथिनाच्या, संकेतामुळे नव्या नलिका उठतात. ऑगमिन या आठ प्रथिनांच्या संकुलामुळे जुन्या नलिकेच्या अंगावरून नवी नलिका फांदीसारखी फुटते. स्नायुपेशी परिपक्व होताना हे काम केंद्रकाच्या आवरणाकडे जाते. उच्च वनस्पतींच्या पेशींत तर सेंट्रोसोमच नसतो, आणि तिथे पेशीपटलालगतच्या जुन्या नलिकांवरून सुमारे ४० अंशांच्या कोनात नव्या फांद्या फुटताना दिसतात.

ठिकाण बदलले की योग्य प्रयोगही बदलतो. सेंट्रोसोमसाठी उत्तम असलेली, चौथ्या पायरीत दिलेली पद्धत फांद्यांसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण तिच्यात जुन्या नलिका आधी नष्ट केल्या जातात आणि फांदी फुटायला जुनी नलिकाच लागते.

दुसरी पायरी: परीक्षानळीतील गढूळपणाची चाचणी

एखादे प्रथिन आरंभाला थेट मदत करते का, याचा पहिला अंदाज शुद्ध ट्यूब्युलिनवर घ्यावा. १९७२ साली रिचर्ड वायझेनबर्ग यांनी कॅल्शियम बांधून ठेवल्यास मेंदूतील ट्यूब्युलिनपासून परीक्षानळीत नलिका बनतात, हे दाखवले. आजचे बफरही त्याच तत्त्वावर बेतलेले आहे: ८० मिलिमोलर पाइप्स हे बफरद्रव्य, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, कॅल्शियम बांधून ठेवणारे १ मिलिमोलर ईजीटीए आणि पीएच ६.८. पाइप्स साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालत पीएच वर नेला की द्रावण स्वच्छ होते.

गोठवलेले ट्यूब्युलिन झटपट वितळवून लगेच बर्फावर ठेवावे आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. त्यानंतर ४ अंशांवर अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गोळे झालेले प्रथिन खाली बसवावे. ही पायरी वेळखाऊ वाटली तरी टाळू नये, कारण प्रथिनाचे निकामी गोळे आरंभाचा वेळ बदलतात आणि वेगवेगळ्या दिवशींचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. वरच्या स्वच्छ द्रावणातील प्रथिनाचे प्रमाण पुन्हा मोजून घ्यावे, त्यात १ मिलिमोलर जीटीपी घालावा आणि ३७ अंशांवर ठेवलेल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ३४० किंवा ३५० नॅनोमीटरला गढूळपणा मोजत राहावे.

इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. बर्फावरून काढलेल्या क्युव्हेटच्या बाहेरच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प साचते आणि आत द्रावण गरम होताना बारीक बुडबुडे सुटतात. या दोन्हींमुळे सुरुवातीच्या काही क्षणांत आलेख खाली-वर होतो आणि नेमका तोच काळ आपल्याला हवा असतो. बफरमधील विरघळलेली हवा आधी काढून टाकावी, क्युव्हेट खोलीच्या तापमानाला कोरडा ठेवावा आणि थंड द्रावण त्यात अगदी शेवटी ओतावे.

आलेखात आधी सपाट भाग, मग चढ आणि शेवटी पठार येते. सपाट भाग म्हणजे आरंभाला लागणारा वेळ. आरंभाला मदत करणारा घटक घातल्यास हा भाग आखूड होतो, पण पठाराची उंची फारशी बदलू नये, कारण ती एकूण ट्यूब्युलिन आणि नलिकांशी समतोलात उरणारे मुक्त ट्यूब्युलिन यांच्या फरकावर अवलंबून असते. पठारही उंचावले, तर तो घटक नलिकांना स्थैर्य देत असावा किंवा त्यांच्या जुड्या बांधत असावा, कारण जुड्यांमुळे प्रकाश जास्त विखुरतो. शेवटी तापमान ४ अंशांवर आणावे. खऱ्या नलिका विरघळतात आणि गढूळपणा खाली येतो. तो तसाच राहिला, तर आपण गोळे झालेले प्रथिन मोजत होतो किंवा घातलेला घटक नलिकांना थंडीतही टिकवून धरत आहे. ग्लिसरॉल आणि डीएमएसओ हे दोन्ही आरंभाला उत्तेजन देतात, म्हणून औषध डीएमएसओमध्ये विरघळवलेले असेल, तर कंट्रोलमध्येही तितकेच डीएमएसओ घालणे अत्यावश्यक आहे.

तिसरी पायरी: एकेक नलिका प्रत्यक्ष पाहणे

गढूळपणाची चाचणी कितीही काळजीपूर्वक केली तरी ती सरासरीच सांगते. शक्य असेल, तर काचेवर गॅमा ट्यूब्युलिनची शुद्ध कडी चिकटवून, चमकणारे ट्यूब्युलिन सोडून टर्फ (काचेलगतचा पातळ थरच उजळणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाने एकेक नलिका उगवताना पाहावी. कड्यावरून उगवलेली नलिका फक्त धन, म्हणजे जलद वाढणाऱ्या, टोकाकडे वाढते, कारण तिचे ऋण टोक कड्याने झाकलेले असते. आपोआप बनलेली नलिका दोन्ही टोकांनी वाढते, धन टोकाने वेगाने आणि ऋण टोकाने सावकाश. काळ आणि अंतर यांचा आलेख काढला की हा फरक स्पष्ट दिसतो, आणि केवळ संख्या मोजण्यापेक्षा मी या निकषावर अधिक विश्वास ठेवतो.

शुद्ध कड्यांपैकी अगदी थोडीच कडी नलिका सुरू करतात, हे पाहून निराश होऊ नये. कड्याच्या उघड्या रचनेशी ते सुसंगतच आहे. सीएच-टीओजी हे ट्यूब्युलिन डायमर आणून देणारे प्रथिन घातल्यास हे प्रमाण लक्षणीय वाढते. झेनोपसमधील त्याचेच रूप एक्सएमएपी२१५ या नावाने ओळखले जाते.

चौथी पायरी: पेशीत नलिका विरघळवून पुन्हा उगवू देणे

पेशीतील आरंभ मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत हीच आहे, आणि चुकीचे निष्कर्षही सर्वाधिक याच पद्धतीतून निघतात, म्हणून इथे सावकाश जाणे बरे.

पेशी काचेच्या कव्हरस्लिपवर विरळ वाढवाव्यात. एकमेकींवर चढलेल्या पेशींत सेंट्रोसोम कोणाचा आणि नलिका कोणाच्या, हे कळत नाही. नलिका विरघळवण्यासाठी थंडी, नोकोडाझोल हे औषध किंवा दोन्ही वापरता येतात. थंडीसाठी बर्फाचे नुसते खडे पुरत नाहीत, कारण खड्यांमधल्या हवेमुळे डिशचा तळ सगळीकडे सारखा गार होत नाही. बर्फ आणि पाणी यांच्या लगद्यात डिशचा तळ नीट टेकला पाहिजे. पेशी कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरबाहेर राहणार असल्याने माध्यमात हेपीस बफर असावा. साधारण ३० ते ६० मिनिटांत बहुतेक नलिका नाहीशा होतात. ॲसिटिलयुक्त आणि दीर्घायुषी नलिका मात्र थंडीला दाद देत नाहीत, म्हणून शून्य वेळेची कव्हरस्लिप प्रत्येक वेळी तयार करून तपासलीच पाहिजे.

नोकोडाझोल अधिक परिणामकारक असते, परंतु त्याच्या दोन बाजू लक्षात ठेवाव्यात. ते पूर्ण धुऊन जायला थंड माध्यमाने अनेकदा धुवावे लागते, आणि पेशी तासन्‌तास त्यात राहिल्या तर गॉल्जी पिंडाचे तुकडे पेशीभर पांगतात, शिवाय विभाजन सुरू झालेल्या पेशी तिथेच अडकून साचतात. गॉल्जीवरून होणारा आरंभ पाहायचा असेल, तर पांगलेल्या तुकड्यांमुळे उलट फायदाही होतो: सेंट्रोसोमपासून दूर गेलेल्या तुकड्यांवरून उगवणाऱ्या नलिका वेगळ्या ओळखता येतात. आरपीई१ या मानवी पेशींत जवळपास निम्म्या नलिका गॉल्जीवरून निघतात, हे ज्ञात असल्याने सरावासाठी त्या पेशी सोयीच्या आहेत.

उगवण सुरू करताना डिश इनक्युबेटरमध्ये ठेवू नये. तिथे माध्यम गरम व्हायला मिनिटे लागतात आणि आपली पूर्ण घटना त्याहून कमी वेळात घडते. चिमट्याने कव्हरस्लिप उचलून आधीच ३७ अंशांवर ठेवलेल्या भरपूर माध्यमात थेट बुडवावी. ० सेकंद, १५ सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटे आणि ५ मिनिटे अशा वेळा बहुतेक पेशींसाठी पुरतात, आणि प्रत्येक वेळेसाठी वेगळी कव्हरस्लिप असावी.

फिक्स करण्याची पद्धत प्रश्नानुसार निवडावी. उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये पेशी झटकन थांबतात आणि गॅमा ट्यूब्युलिन, पेरिसेंट्रिन व वाढत्या टोकांवर बसणारे ईबी१ हे प्रथिन यांच्या अँटिबॉडी त्यात उत्तम काम करतात. ग्लुटाराल्डिहाइडमुळे नलिकांचा आकार अधिक चांगला टिकतो, पण पार्श्वभूमी चमकू लागते आणि सोडियम बोरोहायड्राइडने ती शमवावी लागते. एकट्या फॉर्मल्डिहाइडने पेशी सावकाश स्थिर होतात. काही सेकंदांच्या फरकावर आधारलेल्या प्रयोगात तो विलंब परवडत नाही. विरघळलेल्या नलिकांमुळे पेशीत मुक्त ट्यूब्युलिनचे धुके खूप असते. ते कमी करण्यासाठी फिक्स करण्याआधी सौम्य डिटर्जंट असलेल्या, नलिका टिकवणाऱ्या बफरने पेशी धुण्याची पद्धत आहे. ही धुलाई काही सेकंदांचीच असावी, कारण मुक्त ट्यूब्युलिन निघून गेले की नुकत्याच जन्मलेल्या आखूड नलिकाही विरघळू लागतात. या बफरमध्ये टॅक्सॉल हे नलिका स्थिर करणारे औषध घालण्याचा मोह टाळावा. टॅक्सॉल स्वतःच नव्या नलिकांचा आरंभ घडवून आणते.

पाचवी पायरी: काय मोजावे आणि केव्हा

सेंट्रोसोमभोवती वर्तुळ काढून ट्यूब्युलिनची एकूण चमक मोजणे सोपे असते, म्हणून ते सर्रास केले जाते. पण चमक म्हणजे संख्या गुणिले लांबी. धन टोकाच्या वाढीला मदत करणारे प्रथिन काढले तरी चमक कमी होते, आणि शोधनिबंधात मात्र ‘न्यूक्लिएशन घटले’ असे छापले जाते. त्यापेक्षा पहिल्या मिनिटाच्या आतील चित्रांत नलिकांची संख्या आणि प्रत्येकीची लांबी स्वतंत्रपणे मोजावी. पूर्ण गरम पेशीत नलिका मिनिटाला १० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वाढू शकते. त्यामुळे एक-दोन मिनिटांनंतर नलिका एकमेकींत गुंततात आणि मोजणीला अर्थ उरत नाही. नलिका दाट असतील, तर ईबी१ने रंगणारी वाढती धन टोके मोजावीत. प्रत्येक वाढत्या टोकावर धूमकेतूसारखा एकच ठिपका दिसतो, त्यामुळे लांबीचा प्रश्न बाजूला पडतो.

यानंतर सुरुवातीच्या आणि उशिराच्या वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात. ३० सेकंदांना संख्या सामान्य आहे पण ५ मिनिटांनी सेंट्रोसोमभोवतीचा नलिकांचा तारा विस्कटला आहे, असे दिसले तर आरंभ ठीक असून नलिका धरून ठेवण्याची व्यवस्था बिघडलेली असते. निनाइन या प्रथिनाचा संबंध असा धरून ठेवण्याशी आहे. उलट ३० सेकंदांनाच संख्या कमी असेल आणि लांबी सामान्य असेल, तरच आरंभ घटल्याचे म्हणावे.

सेंट्रोसोमपासून दूर उगवणाऱ्या नलिकांबाबत आणखी सावध राहावे. कॅमसॅप कुळातील प्रथिने मोकळ्या ऋण टोकांना धरून ठेवतात, आणि थंडीतून वाचलेला एखादा आखूड तुकडा पुन्हा वाढू लागला की तो नव्या आरंभासारखाच दिसतो. त्याचप्रमाणे कॅटॅनिनसारखी प्रथिने नलिका कापतात आणि एकीच्या दोन होतात. संख्या वाढते, पण जन्म एकाच नलिकेचा झालेला असतो. शून्य वेळेच्या कव्हरस्लिपवर कॅमसॅप आणि ट्यूब्युलिन एकत्र रंगवून पाहिल्यास उरलेले तुकडे ओळखू येतात.

सहावी पायरी: कंट्रोल

गॅमा ट्यूब्युलिन कमी केल्यावर आपण मोजत असलेली संख्या घटते का, हे प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या पेशींत स्वतः पाहावे. आरएनए हस्तक्षेपाने ते कमी करायला दिवस लागतात आणि तोवर पेशी विभाजनात अडकू लागतात. इथे मोठा घोटाळा होऊ शकतो, कारण विभाजनापूर्वी सेंट्रोसोमवर गॅमा ट्यूब्युलिनची कडी कित्येक पटींनी जमा होतात आणि त्याची आरंभक्षमता आपोआपच वाढते. दोन नमुन्यांत विभाजित होणाऱ्या पेशींचे प्रमाण वेगळे असेल, तर आरंभाचे सरासरी आकडे इतर काहीही न बदलता वेगळे येतील. डीएनए रंगवून फक्त अविभाजित पेशी मोजाव्यात, किंवा प्रथिन मिनिटांत नष्ट करणारी पद्धत वापरावी. सेंट्रोसोमशिवाय काय घडते हे पाहायचे असल्यास सेंट्रिनोन हे औषध उपयोगी पडते. ते पीएलके४ या एन्झाइमला रोखते आणि काही विभाजनांनंतर पेशींतून सेंट्रोसोम नाहीसे होतात. मात्र पी५३ हे पेशीवाढ रोखणारे प्रथिन शाबूत असलेल्या पेशी त्यानंतर वाढायच्या थांबतात.

फांद्या आणि जिवंत पेशी

फांद्यांसाठी झेनोपस अंड्यांचा अर्क हे सर्वांत चांगले साधन आहे. २०१३ साली याच अर्कात जुन्या नलिकेच्या अंगावरून नवी नलिका फुटताना थेट पाहण्यात आली. अर्कात सतत क्रियाशील राहणारे रॅन घालतात, मोटर प्रथिनांनी नलिका ओढून नेऊ नयेत म्हणून व्हॅनाडेट घालतात, आणि ईबी१ला जोडलेल्या चमकत्या प्रथिनाने वाढती टोके टिपतात. नवी नलिका जुनीशी लहान कोन करून, तिच्याच दिशेने वाढते. ऑगमिन, टीपीएक्स२ हे प्रथिन किंवा गॅमा ट्यूब्युलिन अर्कातून काढून टाकले की फांद्या फुटणे बंद होते.

जिवंत पेशीत नलिका विरघळवण्याची सोय नसेल, उदाहरणार्थ चेतापेशींत किंवा ऊतींत, तर ईबी१सारख्याच ईबी३ला जोडलेले चमकते प्रथिन घालून दर सेकंदाला किंवा त्याहून जलद चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक ठिपक्याचा मार्ग मागे नेऊन तो कुठून निघाला ते शोधावे. इथे एक मर्यादा कायम राहते: आखडत असलेली नलिका थांबून पुन्हा वाढू लागली, तरी नवा ठिपका उमटतो. म्हणून त्याच पेशीत ट्यूब्युलिनही दुसऱ्या रंगात पाहावे आणि ज्या जागी ठिपका उमटण्याआधी नलिका मुळीच नव्हती, तेवढ्याच घटना आरंभ म्हणून नोंदवाव्यात. अशी मोजणी सावकाश होते आणि एका चित्रफितीतून हाती लागणाऱ्या घटना थोड्याच असतात, त्यामुळे अनेक पेशी घेऊन प्रत्येक पेशीचा आकडा वेगळा द्यावा. सर्व पेशींतील ठिपके एकत्र करून सरासरी काढल्यास एखादी जास्त ठिपक्यांची पेशीच निकाल ठरवते.